भटजींनी पाहिलेले युद्ध



पावसाळ्यापूर्वीच्या एका रविवारी, दुसरी मिस्सा आटोपल्यावर, आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ माझी वाट पाहत दाराशी उभे होते. हातात एक इंग्रजी पुस्तक होते, आणि ते हाताला भाजत असावे अशा रीतीने त्यांनी ते धरले होते. म्हणाले, “फादर, आमच्या मुलीने हे शाळेतून आणले. तुम्ही एकदा वाचून पाहा, आणि असली पुस्तके मुलांच्या हाती देऊ नका, असे प्रवचनात सांगा.”

मुलगी आठवीत आहे. पुस्तकात काही अश्लील आहे काय, असे मी विचारले. तसे काही नव्हते. तक्रार निराळीच होती. पुस्तक वाचून झाल्यावर त्या मुलीने रात्री जेवताना आपल्या आजोबांना विचारले होते, “आजोबा, तुम्ही लढाईत काय पाहिले?” आजोबा सैन्यात वाहनचालक होते. १९७१ च्या युद्धात ते पूर्वेकडील सरहद्दीवर होते, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. त्यापलीकडे काय ते कोणालाच ठाऊक नाही, कारण आजोबा त्याविषयी कधी बोलले नाहीत. त्या रात्री ते ताटावरून उठले, अंगणात जाऊन बसले आणि पहाटेपर्यंत निजले नाहीत. “पन्नास वर्षे जे झाकून होते, ते या पुस्तकाने उकरले,” असे त्या गृहस्थांचे म्हणणे.

मी पुस्तक ठेवून घेतले. प्रवचनाविषयी काहीच कबूल केले नाही.

पुस्तकाचे नाव ‘वन्स’. लेखक मॉरिस ग्लाइट्झमन. हे १९५३ साली इंग्लंडात जन्मले व १९६९ साली आईवडिलांसह ऑस्ट्रेलियात जाऊन तेथलेच झाले. त्यांचे आजोबा पोलंडमधील क्राकोव शहरचे ज्यू. युद्धाच्या कितीतरी आधी त्यांनी देश सोडला म्हणून ते वाचले. मागे राहिलेल्या नातलगांपैकी बहुतेक नाझींच्या हातून मारले गेले. या दुःखातून ग्लाइट्झमन यांनी फेलिक्स नावाच्या मुलाची कथा लिहावयास घेतली. ‘वन्स’ २००५ साली निघाले, आणि त्याच मुलाची वाढती वये सांगणारी आणखी सहा पुस्तके २०२१ पर्यंत निघाली.

कथा १९४२ सालची आहे. पोलंडमधील डोंगरात धर्मभगिनींचे एक अनाथालय आहे. त्यात फेलिक्स राहतो. तो अनाथ नाही. त्याचे आईवडील पुस्तकांचे दुकान चालविणारे ज्यू; त्यांनी त्याला जीव वाचावा म्हणून धर्मभगिनींच्या स्वाधीन केले आहे. हे त्याला ठाऊक नाही. दुकान अडचणीत आहे, ती निवारली की आपल्याला न्यावयास येतील, एवढेच त्याला वाटते. एके दिवशी सुपाच्या वाडग्यात अख्खे गाजर येते, आणि ही आईवडिलांनी पाठविलेली खूणच, असे तो ठरवितो. मग एक दिवस मोटारीतून काही माणसे येतात आणि अनाथालयाच्या ग्रंथालयातील पुस्तके अंगणात जाळू लागतात. त्या भाबड्या पोराला वाटते की, या लोकांचे वैर पुस्तकांशी आहे. आईवडिलांना जाऊन सावध केले पाहिजे! म्हणून तो तेथून पळून निघतो. मुलाला जे कळत नाही ते वाचणाऱ्याला पानोपानी कळत असते, आणि तेच या पुस्तकाचे ओझे आहे. एका बैठकीत मला ते वाचवले नाही, हे कबूल करतो.

या कथेतील धर्मभगिनी कल्पित असल्या तरी तसल्या धर्मभगिनी खरोखर होत्या. मदर माटिल्डा गेटर या पोलंडमधील फ्रान्सिस्कन संघाच्या प्रमुख. वॉर्सा शहरातील व आसपासच्या मठांतून त्यांनी शेकडो ज्यू मुले लपवून वाचविली. पकडले गेल्यास शिक्षा मृत्यूची होती. आपल्या घरांतून संतचरित्रे वाचली जातात. त्यांच्या शेजारी या बाईंचे नाव असावे असे मला वाटते.

फेलिक्सच्या कथेतील तिसरे पुस्तक ‘नाऊ’, २०१० सालचे. त्यात फेलिक्स ऐंशीचा झाला आहे, ऑस्ट्रेलियात नामांकित शस्त्रवैद्य म्हणून त्याने आयुष्य काढले आहे, आणि कथा सांगते ती त्याची नात. तिचे नाव झेल्डा. आजोबांनी युद्धात ज्या लहान मुलीला जपले होते, तिचेच हे नाव. नातीला ठाऊक असते की आजोबांच्या मनात काहीतरी मोठे बंद आहे, पण विचारावे कसे ते तिला समजत नाही. आमच्या धर्मग्रामातील मुलीने हे तिसरे पुस्तक वाचलेले नव्हते. ते न वाचताच ती त्या नातीच्या जागी जाऊन बसली होती.

त्यानंतर आठवडाभराने मला धर्मगुरूंच्या एका मेळाव्यासाठी उज्जैनला जावयाचे होते. गाडीत वाचावे म्हणून मी आणखी एक पुस्तक पिशवीत टाकले, आणि ते हेतुपुरस्सर टाकले. आपल्या मराठीत असे काही आहे काय, की ज्यात युद्ध एखाद्या सेनापतीने नव्हे, तर गल्लीत दार लावून बसलेल्या माणसाने सांगितले आहे, असा प्रश्न मनात घोळत होता. उत्तर मला ठाऊक होते. सेमिनरीत असताना मी ते पुस्तक एकदा वाचले होते. पण त्या वयात मी त्यात केवळ झाशीची राणी शोधली व बाकीची पाने भराभर उलटली. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचे ‘माझा प्रवास’ हे ते पुस्तक. भटजींच्या वाटेत उज्जैनही आहे.

उज्जैनविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. हिंदू बांधवांचे हे महाकाळेश्वराचे क्षेत्र; बारा वर्षांनी येथे सिंहस्थाचा मेळा भरतो. आपल्या ख्रिस्तसभेचे येथील काम त्या मानाने अलीकडचे. १९६८ साली सिरो-मलबार विधीचे स्वतंत्र कार्यक्षेत्र म्हणून उज्जैन वेगळे काढण्यात आले, संत थॉमसच्या मिशनरी सोसायटीकडे ते सोपविले गेले, आणि १९७७ साली ते धर्मप्रांत झाले. केरळातून आलेले धर्मगुरू येथे अस्खलित हिंदी व माळवी बोलतात. मी मात्र बाजारात मराठीत विचारले तरी एखाद्या दुकानदाराने मराठीतच उत्तर द्यावे, असा हा गाव आहे. कारण सरळ आहे. दौलतराव शिंद्यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरास नेण्यापूर्वी उज्जैन हीच शिंद्यांची राजधानी होती, आणि त्या काळी आलेली मराठी घराणी येथेच रुजली.

सायंकाळी मी क्षिप्रेच्या घाटावर जाऊन बसलो. नदी शांत, पाणी थोडे. या नदीने व या परिसराने किती लढाया पाहिल्या, त्याचा हिशेब मनाशी करू लागलो. नैर्ऋत्येस धरमत, तेथे एप्रिल १६५८ मध्ये औरंगजेबाने जसवंतसिंहाची फौज मोडली. उज्जैनच्या वेशीवर १८०१ साली यशवंतराव होळकरांनी शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या. म्हणजे मराठ्यांनी मराठ्यांना. उत्तरेस महिदपूर, तेही क्षिप्रेच्याच काठी. तेथे २१ डिसेंबर १८१७ रोजी इंग्रजांनी होळकरशाहीचा कणा मोडला. त्या दिवशी होळकरांच्या गादीचा धनी दुसरा मल्हारराव अवघा अकरा वर्षांचा होता, आणि राज्य चालविणाऱ्या तुळसाबाईचा आदल्याच दिवशी तिच्याच लोकांनी वध केला होता. शाळेच्या पुस्तकात या लढाईची तारीख असते, तहाची कलमे असतात. त्या अकरा वर्षांच्या पोराने त्या रात्री काय केले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

असो. आता भटजींकडे वळतो.

विष्णुभट गोडसे यांचा जन्म १८२७ साली पेणजवळील वरसई गावी झाला. याज्ञिकी व भिक्षुकी हे घराचे काम. घरात दारिद्र्य आणि डोक्यावर कर्ज. अशात बातमी आली की, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत व लाखो रुपये दक्षिणा वाटली जाणार आहे. विष्णुभटांनी ठरविले की, जावे, चार पैसे मिळवावे आणि कर्ज फेडावे. म्हाताऱ्या आईवडिलांना सोडून जाणे सोपे नव्हते. चुलते रामभट बरोबर निघाले. साल होते १८५७. वरसईच्या या दोघा ब्राह्मणांना त्या सालाचा अर्थ काय ठाऊक असणार? ते दक्षिणेसाठी निघाले होते.

महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले. काडतुसांना गाईची व डुकराची चरबी लावली आहे, कंपनी सर्वांना बाटविणार आहे, बंड होणार आहे, तुम्ही परत जा, असे त्यांनी सांगितले. हे दोघे परत गेले नाहीत. कर्ज मागे उभे होते.

येथे मी वाचकांना जरा थांबवितो. भटजींच्या पुस्तकात आपल्या धर्माचे नाव येते ते बहुधा भीतीचे कारण म्हणून येते. कलकत्त्यास राजेरजवाड्यांची सभा भरली, तीत इंग्रजांनी धर्म बुडविणारी चौऱ्याऐंशी कलमे मांडली, अशी एक हकीकत भटजी देतात. अशी सभा झाल्याचा इतिहासात पुरावा नाही; ती बाजारातून ऐकलेली गोष्ट आहे. पण ती गोष्ट लक्षावधी लोकांनी खरी मानली व तिच्या भयाने शस्त्र उचलले, हे मात्र खरे आहे. त्या काळचे उत्तरेकडील मिशनरी बहुतेक प्रोटेस्टंट होते, असे म्हणून आपल्याला हात झटकता येतील. मी तसे करू इच्छीत नाही. राज्यकर्त्यांच्या छायेत जेव्हा आपला क्रूस उभा राहिला, तेव्हा शेजाऱ्याला तो कसा दिसला, हे आपल्या मुलांनी एका साध्या, निष्कपट माणसाच्या तोंडून ऐकावे, हे बरे. त्यात अवघडल्यासारखे वाटते. पण वाटू द्यावे.

भटजींचा एक गुण मला दुसऱ्यांदा वाचताना कळला. ते जे ऐकतात ते ऐकल्यासारखे सांगतात आणि त्यात पुष्कळ चुका आहेत. परंतु जे स्वतः पाहतात ते इतके जवळून सांगतात की, वास येतो.

इंदूर, उज्जैन, धार असे करीत ते ग्वाल्हेरास गेले, आणि पुढे झाशीस राणीच्या आश्रयाला राहिले. मार्च १८५८ च्या उत्तरार्धात सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला; एप्रिलच्या आरंभी शहर पडले. वेढ्यातील तोफगोळे, रात्री आकाशातून येणारे लाल गोळे, तात्या टोप्यांच्या मदतीची आशा व तिचा भंग, हे सारे भटजींनी शहराच्या आतून पाहिले. मग कत्तल आणि लूट. ते व त्यांचे यजमान लपून बसले होते. बाहेर काय चालले आहे ते कानांनी कळत होते.

लुटीची हकीकत मी उज्जैनच्या खोलीत रात्री वाचली. माणसे चिडून लुटतात अशी आपली कल्पना असते. भटजी सांगतात ती लूट शिस्तीची होती. आधी सोने, चांदी व नाणे. ते सरल्यावर तांब्यापितळेची भांडी. मग कापडचोपड. मग धान्य. निरनिराळ्या पलटणींना निरनिराळा माल. शेवटी उरलेल्या लोकांजवळ दाणा नाही, आणि दाणा मिळाला तर शिजवावयास भांडे नाही. गल्ल्यांतून प्रेते जळत होती. ज्याने कोकणातील वरसईच्या बाहेर फारसे जग पाहिले नव्हते त्या भिक्षुकाने हे पाहिले, आणि कोणावरही दात-ओठ न खाता लिहिले. सरकारी वखारीचा कारकून माल मांडतो तसे.

आणि पुस्तके. झाशीच्या वाड्यातील पोथ्यांचा मोठा संग्रह नष्ट झाला. सोन्यानाण्याच्या लुटीपेक्षा भटजींना याचे दुःख अधिक झालेले दिसते, आणि एका विद्वान ब्राह्मणाला ते शोभतेच. पोलंडमधल्या त्या अनाथालयाच्या अंगणात पुस्तके जळत असताना फेलिक्सच्या मनात जे आले, ते मला येथे पुन्हा दिसले. दोघांच्यामध्ये ऐंशीहून अधिक वर्षे व अर्धी पृथ्वी आहे.

मुलांना ही पाने देताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच झाशीत जून १८५७ मध्ये किल्ल्यातून बाहेर आलेल्या इंग्रज स्त्रीपुरुषांची व लेकरांची बंडवाल्यांनी कत्तल केली होती. एकच पान फाडून मुलाला देणे हे मला अप्रामाणिक वाटते, मग ते कोणतेही पान असो.

झाशीतून निसटल्यावर काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी भटजींना राणी भेटली. हा प्रसंग अनेकांना ठाऊक आहे. पुरुषी वेष, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ. भटजी तिच्यासाठी पाणी काढू लागले तेव्हा तिने त्यांना थांबविले. आपण विद्वान ब्राह्मण, आपण मजसाठी पाणी काढू नये, अशा अर्थाचे बोलून तिने स्वतःच मडके विहिरीत सोडले व ओंजळीने पाणी प्याली. पुढे जूनमध्ये ती ग्वाल्हेरजवळ लढताना पडली. सेमिनरीत मी हा प्रसंग शौर्यकथा म्हणून वाचला होता. आता चाळिशी उलटल्यावर वाचताना मला त्यात शौर्य दिसले नाही. सर्वस्व गेलेली एक तरुण विधवा आणि लुटला गेलेला एक भिक्षुक, दोघे विहिरीच्या काठावर, आणि तहान. याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसलेला व पाणी मागणारा प्रभू मला आठवला, एवढे सांगून पुढे जातो.

यज्ञाची दक्षिणा कुठे राहिली ते विचारू नका. जे मिळाले होते ते झाशीत गेले, जे पुन्हा मिळाले ते वाटेत लुटारूंनी नेले. चित्रकूट, ब्रह्मावर्त, लखनौ, अयोध्या, काशी असा प्रवास करीत भटजी फिरले. काशीहून त्यांनी गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेतली व पायी घराची वाट धरली. सुमारे तीन वर्षांनी ते वरसईस पोहोचले. पैसा आणला नाही. त्या गंगाजलाने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. आपल्या चौथ्या आज्ञेवर मी अनेक प्रवचने केली आहेत. त्यांपैकी एकाही प्रवचनात या कावडीइतके वजन नव्हते, हे मला उज्जैनला उमगले. पूर्वी ही पाने मी उलटून टाकली होती.

आता ज्या कारणासाठी मी हे सारे लिहीत आहे त्याकडे येतो.

भटजी १८६० च्या सुमारास घरी आले. पुस्तक लिहिले १८८३ च्या सुमारास. मधली दोन तपे ते गप्पच होते असे नव्हे. घरी, यजमानांकडे, तुकड्यातुकड्याने बोलत असतील. परंतु सलग, आरंभापासून शेवटापर्यंत कधी लिहिले नाही. लिहिले ते एका तरुणाने आग्रह केला म्हणून. हा तरुण म्हणजे कल्याणचे चिंतामण विनायक वैद्य. पुढे ते महाभारताचे भाष्यकार व इतिहासकार म्हणून नावारूपास आले आणि ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश झाले. पण तेव्हा ते विशीतले होते. १८६१ चा त्यांचा जन्म. म्हणजे बंड झाले तेव्हा ते जन्मलेही नव्हते. ज्याने काही पाहिले नव्हते त्याने विचारले, आणि ज्याने सर्व पाहिले होते त्याने सांगितले.

इंग्रज सरकारच्या भयाने वैद्यांनी ते लिखाण बरीच वर्षे छापले नाही. छापले १९०७ साली. तोवर भटजी कालवश झाले होते. त्यांनी भाषा बरीच साफसूफ केली व काही भाग वगळला. मूळ हस्तलिखित पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात राहिले, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली भटजींचा अस्सल मजकूर प्रसिद्ध केला. हिंदीत अमृतलाल नागरांनी ते आणले, अलीकडे इंग्रजीतही आले. घरात मुलांसाठी वैद्यांची प्रत सोपी. मोठ्यांनी पोतदारांची वाचावी.

माझा अनुभव असा आहे की, ज्याने युद्ध, दंगा वा दुष्काळ पाहिला आहे तो आपण होऊन सांगत नाही. त्याची मुलेही विचारीत नाहीत. मुलांना बापाचा राग, बापाचे मौन, बापाची रात्रीची दचक सोसावी लागलेली असते, त्यांना आणखी काही नको असते. विचारते ती नातवंडांची पिढी. आणि नातवंडाला विचारण्याची बुद्धी पुष्कळदा एखाद्या पुस्तकाने होते. त्या गृहस्थांची तक्रार अक्षरशः खरी होती. पुस्तकानेच उकरले. उकरले ते वाईट झाले, एवढेच मला मान्य नव्हते.

उज्जैनचा विषय निघाला आहे म्हणून आणखी एका मराठी लेखकाचा उल्लेख करतो. शरच्चंद्र मुक्तिबोध हे १९२१ साली इंदूरला जन्मले. वडील पोलीस खात्यात, घर माळव्यातले. थोरले बंधू गजानन माधव हिंदीत मोठे कवी झाले, शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले; एकाच चुलीवर दोन भाषा. त्यांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी १९५४ साली आली, पुढे ‘सरहद्द’ १९६२ साली व ‘जन हे वोळतु जेथे’ १९६९ साली. बिशू नावाचा मुलगा वाढतो, आणि त्याच्याबरोबर स्वातंत्र्यलढ्याचा तो सारा खळबळीचा काळ वाढतो. ही पुस्तके जड आहेत व त्यांतील राजकीय मते सर्वांना रुचणार नाहीत. मलाही सगळी रुचली नाहीत. महाविद्यालयात गेलेल्या मुलांनी वाचावी. लहानांना देऊ नयेत, कारण त्यांना ती कंटाळवाणी वाटतील, आणि चांगल्या पुस्तकाचा कंटाळा लहानपणी आला तर तो जन्मभर पुरतो.

उज्जैनहून परतल्यावर मी त्या घरी गेलो. सायंकाळची जपमाळ नुकतीच आटोपली होती. आजोबा ओट्यावर होते, मुलगी अभ्यासाला बसली होती, गृहस्थ मला पाहून थोडे संकोचले. मी इंग्रजी पुस्तक परत दिले व म्हणालो की, मी वाचले, मला ते वाईट वाटले नाही. मग भटजींचे पुस्तक पिशवीतून काढले आणि आजोबांना ते कोण होते, कोठे गेले, झाशीत कसे सापडले, एवढे थोडक्यात सांगितले. लढाईविषयी त्यांना काही विचारावयाचे नाही, असे मी मनाशी ठरविलेलेच होते.

लुटीचा भाग मी सांगत असताना आजोबांनी मध्येच विचारले, “भांडीसुद्धा नेली?”

“भांडीसुद्धा,” मी म्हणालो.

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग नातीकडे न पाहता, समोरच्या केळींकडे पाहत सांगू लागले. युद्धाला तोंड लागण्यापूर्वीच पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येऊ लागले होते. (त्या वर्षी सुमारे एक कोटी माणसे सरहद्द ओलांडून आली, हे वाचकांना ठाऊक असेल.) एका रात्री यांच्या गाडीत तसले पुष्कळ लोक बसविण्यात आले. त्यांत एक म्हातारी होती. तिच्या मांडीवर कळशी होती, रिकामी. रात्रभर गाडी खड्ड्यांतून आदळत होती, पण तिने कळशी खाली ठेवली नाही. यांनी तिला आपल्या बाटलीतले पाणी देऊ केले. तिने ते प्यायले नाही; कळशीत ओतावयास लावले. सकाळी छावणीत सर्वांना उतरविले आणि यांना परत फिरावे लागले. “तिचे पुढे काय झाले, मला माहीत नाही,” आजोबा म्हणाले. “तिला तिची भाषा, मला माझी. नावसुद्धा विचारता आले नाही.”

एवढेच ते बोलले. गोळ्या नाहीत, मेलेली माणसे नाहीत. ती असतीलच, ती त्यांनी अद्याप कोणाला दिलेली नाहीत आणि मागावयाचा अधिकार मला नाही. मुलीने काही विचारले नाही, याचे मला कौतुक वाटले. गृहस्थ मात्र उंबऱ्यातच उभे राहिले होते. मला निरोप देताना फाटकापर्यंत आले व हळू आवाजात म्हणाले, “फादर, मला पन्नाशी झाली. ही कळशीची गोष्ट मी आज ऐकली.”

आता त्या घरी रात्री जेवणानंतर मुलगी आजोबांना भटजींचे पुस्तक वाचून दाखविते, असे मला कळले आहे. जुन्या मराठीतील काही शब्द तिला अडतात, ते आजोबांना येतात. मंडळी अजून ग्वाल्हेरच्या अलीकडेच आहेत. गेल्या रविवारी मिस्सेनंतर आजोबांनी मला अडवून विचारले, “ते भटजी घरी पोहोचतात ना?” मी उत्तर दिले नाही, त्यांनी हा अंक मात्र वाचू नये, असे मी त्यांच्या नातीला बजावून ठेवले आहे.

धर्मग्रामाच्या वाचनालयात ‘माझा प्रवास’ची ती एकच प्रत आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी थोडे थांबावे. दुसरी मागविली आहे.